आक्कांच्या म्हशी

नोकरीच्या मुलाखतीत आक्कांनी मला एकच प्रश्न विचारला. "तुझ्या घरी सकाळी पहिला आवाज कशाचा होतो?"

मी चित्रकलेची पदवी घेतलेली, काखेत माझ्या चित्रांची जाडजूड फाइल. संगणकावर डोंगर कसे रंगवते, झाडं कशी रंगवते, सगळी उत्तरं मळवलीहून चालत येताना घोकली होती. हा प्रश्न त्यांत नव्हता. मी खरं ते सांगून टाकलं, "शेजारचे तात्या खाकरतात."

"कसं?"

मी खाकरून दाखवलं. आक्का मनापासून हसल्या, फाइल न उघडताच मला परत दिली आणि म्हणाल्या, "सोमवारपास्नं ये. चित्रं काढायला शिकवता येतं गं, ऐकायला शिकवता येत न्हाई."

आक्का कॉम्प्युटर गेम बनवायच्या. त्यांचं ऑफिस म्हणजे जुन्या हायवेवर, कार्ल्याच्या अलीकडं बंद पडलेलं एक मोटेल. एक्स्प्रेसवे झाला, गाड्या तिकडून जायला लागल्या आणि मालकानं ते विकायला काढलं. आक्कांनी घेतलं, पण आत फारसं काही बदललं नाही. खोल्यांचे नंबर दारांवर तसेच होते. प्रोग्रॅमर मंडळी 'फॅमिली रूम' असं लिहिलेल्या खोलीत बसायची, आवाजाचं काम कोठीच्या खोलीत चालायचं आणि मी रिसेप्शनच्या काउंटरमागे. अधूनमधून एखादं कुटुंब बॅगा घेऊन आत यायचं आणि "रूम आहे का?" असं विचारायचं. आक्का त्यांना कधी घालवून द्यायच्या नाहीत. चहा द्यायच्या आणि गेम खेळायला बसवायच्या. एक लग्नाचं वऱ्हाड असंच दुपारभर आमच्याकडं अडकलं होतं.

वय पन्नाशीचं. नऊवारी नाही, पण साडी चापून नेसलेली, आणि तिच्यावर भावाचा जुना फुलशर्ट. आमच्याकडं बायका शेतात जाताना असा शर्ट घालतात. आक्का तो ऑफिसात घालायच्या. खिशात पेन्सिली, एक सुपारीचं खांड आणि बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचा तरी चार्जर. परदेशी लोकांशी व्हिडिओवर बोलायचं असलं तरी शर्ट तोच. आमच्यातल्या एकानं एकदा सुचवलं की आज तरी शर्ट काढावा. आक्का म्हणाल्या, "का? त्यांना काय स्थळ बघायचंय व्हय?"

ऑफिसात चाकांच्या खुर्च्या त्यांनी येऊ दिल्या नाहीत. "चाकं असली की माणूस अडचणीपास्नं मागं सरकतो," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं आम्ही सगळे मोटेलच्या जुन्या लाकडी खुर्च्यांवर बसून पाठी दुखवून घ्यायचो. आमच्याशी बोलताना त्या शुद्ध पुणेरी बोलायला सुरुवात करायच्या आणि राग किंवा आनंद झाला की तिसऱ्या वाक्याला मावळात उतरायच्या. कुठलं बोलणं चाललंय यावरून दिवस कसा जाणार ते कळायचं.

त्या मूळच्या कार्ल्याच्याच. घरची भातखाचरं, दारात म्हशी. लहानपणी शाळा सुटली की विसापूर किल्ल्याच्या पायथ्याला म्हशी राखायला जायच्या. पावसाळ्यात तिथं धुकं असं उतरतं की पुढं केलेला आपला हात दिसत नाही. एकदा अशा धुक्यात म्हशी दिसेनाशा झाल्या आणि आक्का एका खडकावर बसून रडायला लागल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण म्हशी हुडकायचं कारणच नाही. घरचा रस्ता म्हशींना ठाऊक आहे. आपण त्यांच्या गळ्यातल्या घंटेच्या मागनं चालायचं. तशा त्या घरी पोचल्या आणि आईचा मार खाल्ला.

पुढं शिकल्या, हिंजवडीतल्या एका मोठ्या कंपनीत बरीच वर्षं काढली. ती नोकरी का सोडली, असं विचारलं की एवढंच सांगायच्या, "तितल्या खिडक्या उघडत न्हाईत." परत आल्या आणि त्या धुक्यातल्या संध्याकाळचा गेम बनवला. नाव ठेवलं 'माघारी'. त्यात बंदूक नाही, मारामारी नाही. पडदा पांढराफट्ट. तुम्ही गुराखी. घंटा ऐकायच्या, ओढ्याचं पाणी ऐकायचं, वारा कुठल्या कानाला लागतो ते ओळखायचं आणि अंधार पडायच्या आत कळप घरी आणायचा. बस्स.

असला गेम कोण खेळणार, असं त्यांना सगळ्यांनी विचारलं होतं. पण लोक खेळले. वेड्यासारखे खेळले. साध्यातल्या साध्या पीसीवर तो चालायचा, म्हणून कॉलेजच्या लॅबमधून, सायबर कॅफेंमधून, सरकारी कचेऱ्यांमधल्या संगणकांवरून खेळला गेला. शिवाय आक्कांनी गेमचं दार उघडं ठेवलं होतं. खेळणाऱ्यांनी स्वतः काही बनवावं आणि आत घालावं. अशा भरीला मॉड म्हणतात. सांगलीच्या कुणीतरी खिलार बैल घातले. कोकणातल्या एकानं आपल्या गावची सड्याची, कातळमाळावरची अख्खी वाट घातली. कुठल्याशा बर्फाळ देशातल्या माणसानं रेनडिअर घातले आणि त्यांच्या गळ्यात आपल्याच घंटा बांधल्या. आक्का ते बघून टाळ्या पिटायच्या. "बघ गं, कुटल्या कुटं गेल्या आपल्या घंटा!"

नवीन काही तयार झालं की त्या लॅपटॉप घेऊन लोहगडवाडीला जायच्या. तिथं त्यांच्या मैत्रिणीची टपरी होती. गडावरून उतरलेले दमलेले ट्रेकर पिठलं-भाकरीची वाट बघत बसलेले असले की आक्का त्यांच्यापुढं लॅपटॉप ठेवायच्या. आम्हाला बरोबर न्यायच्या आणि तंबी द्यायच्या, "स्क्रीनकडं बघायचं न्हाई. ती आपण रोजच बघतो. खेळणाऱ्याच्या तोंडाकडं बघा."

आता मुख्य गोष्ट. 'माघारी'चा दुसरा भाग बनत होता तेव्हा एका परदेशी कंपनीनं तो टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रावर, म्हणजे कन्सोलवर काढायची तयारी दाखवली आणि तपासायला एक कन्सोल पाठवला. ऑफिसातल्या टीव्हीचं काहीतरी बिघडलं होतं, म्हणून आक्कांनी तो घरी नेला. घर भावाचं. ओटीवर टीव्ही, समोर भाऊ खेळायला बसलेले आणि जमिनीवर वहिनी पावटे सोलत होत्या. वहिनींनी आक्कांच्या संगणकाकडं आयुष्यात कधी ढुंकून बघितलं नव्हतं. ते नणंदेचं काम, आपलं नव्हे. पण टीव्ही घरातला. पावटे सोलता सोलता त्या म्हणाल्या, "अवो, डावीकडं घ्या. घंटा डावीकडं वाजतीया."

भाऊ उजवीकडंच गेले. म्हैस ओढ्यात पडली.

"म्हटलं व्हतं न्हवं?" म्हणत वहिनींनी ओले हात पदराला पुसले, भावांच्या हातातून कंट्रोलर घेतला आणि जेवणाची वेळ टळेपर्यंत सोडला नाही. भाऊ शेजारी बसून वाट सांगत राहिले, दोघं भांडत राहिले आणि कळप घरी आला.

दुसऱ्या दिवशी आक्का ऑफिसात आल्या त्या मावळीतच. "आपलं चुकलं. पीसीवर माणूस घराकडं पाठ करून बसतो. हा गेम एकट्याचा न्हाईच. दुसरा भाग दोघांनी मिळून खेळायचा. एकानं कळपाच्या पुढं चालायचं, एकानं मागं. अन् तो आधी टीव्हीवर."

कंपनीची अट होती की वर्षभर गेम फक्त कन्सोलवर राहील आणि कन्सोलवर मॉड चालणार नाहीत. आमच्यातल्या दोघांनी हळूच सांगून पाहिलं, की आपले लोक पीसीवाले आहेत, ते दुखावतील. आक्का म्हणाल्या, "दुखावतील, मग समजून घेतील. घरचेच हायेत."

ही बातमी सांगायला त्यांनी स्वतःच मोबाइलवर व्हिडिओ काढला. आम्हाला दाखवलाही नाही. त्यात त्या शर्टाच्या खिशात हात घालून म्हणत होत्या, "दुसरा भाग टीव्हीवर येतोय. पीसीवाल्यांनी थांबायचं. पंगतीत पाहुणे आधी जेवतात, घरचे मागनं." आपण किती प्रेमानं बोललो, असं त्यांना वाटत होतं.

लोकांना ते 'तुम्ही उष्ट्यावर बसा' असं ऐकू आलं.

एका आठवड्यात पहिल्या गेमखाली वर्षानुवर्षं साचलेलं कौतुक शिव्यांनी झाकून गेलं. विकली गेली, गद्दार निघाली, मोठ्यांच्या पंगतीला बसली. ज्यांनी आपल्या गावच्या वाटा बनवून घातल्या होत्या, त्यांतल्या काहींनी त्या काढून घेतल्या. कुणीतरी एक मॉड काढला, त्यात सगळ्यात हट्टी म्हशीला आक्कांचा चेहरा लावला होता, शर्टासकट. आम्ही तो लपवायच्या आत आक्कांनी बघितला. चष्मा वर करून बराच वेळ निरखला आणि म्हणाल्या, "शिंगं चुकल्यात. ही हरियाणाची मुऱ्हा झाली. आपल्याकडं अशी शिंगं कुटं असतात?"

सुरुवातीला त्या चहाच्या वेळी सगळ्या शिव्या मोठ्यानं वाचून दाखवायच्या. "ह्याला व्याकरण येत न्हाई, पण बोलतोय तिडकीनं." आम्ही हसायचो. मग एक दिवस वाचणं थांबलं. दुपारी मी काहीतरी विचारायला कोठीच्या खोलीत गेले तर आक्का हेडफोन लावून बसल्या होत्या. त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती. मला बघून त्या शुद्ध पुणेरीत म्हणाल्या, "काही काम होतं का?" पुढचं सगळंही त्या तितक्याच शुद्ध बोलल्या, परक्यांशी बोलावं तसं.

त्यानंतर त्यांनी एक अजब उद्योग सुरू केला. रागावलेल्या लोकांचे नंबर मिळवून एकेकाला फोन करायचा. "नमस्कार, म्हशीवाली बोलतीय. तुमी मला नालायक म्हणला. जरा इस्कटून सांगा." समोरचा बहुतेक वेळा फोन ठेवून द्यायचा. काही जण रडकुंडीला यायचे. एकानं तर आपल्या आईकडं फोन दिला आणि आक्का तिच्याशी लोणच्यावर बोलत बसल्या.

या सगळ्यांत 'घंटानाद' या नावानं लिहिणारा एक जण होता. साताऱ्याचा. तो कधी शिवी द्यायचा नाही आणि म्हणूनच त्याचं लिहिणं जास्त लागायचं. लोक त्याचं ऐकायचे. त्यानं लिहिलं होतं, "आम्हाला थांबायला सांगितलंत. आमच्यातले काही कितीही थांबले तरी उपयोग नाही. नव्या घराला त्यांच्यासाठी दारच ठेवलेलं नाही." आक्कांना ते नाटकी वाटलं. त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"नमस्कार, म्हशीवाली..."

"बोला आक्का," पलीकडून शांत आवाज आला.

"तुमी मला वळखता?"

"पहिल्या गेममध्ये शेवटी दारातून हाक ऐकू येते, ती तुमचीच ना?"

आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. ती हाक आक्कांचीच होती, पण हे त्यांनी बाहेर कुणालाच सांगितलं नव्हतं. आक्काही चपापल्या. पण राग होताच. म्हणाल्या, "दार न्हाई म्हणता. तुमी हितं या. आपल्या डोळ्यांनी बघा काय बनवतोय ते, अन् मग बोला."

तो गृहस्थ हसला. "येतो," म्हणाला.

मळवली स्टेशनवर त्यांना आणायला मी गेले. गाडीतून उतरलेल्यांमध्ये इकडंतिकडं बघणारा कुणी दिसतो का ते शोधत होते. एक चाळिशीचे गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, हातात पांढरी काठी, बाकाशी शांतपणे उभे होते. मी त्यांच्या बाजूनं पुढं गेले आणि आक्कांना फोन लावून म्हटलं, "ते आलेले दिसत नाहीत."

मागून आवाज आला, "आलोय की. तुम्हीच न्यायला आलात ना?"

मी ओशाळून म्हटलं, "माझी स्कूटर आहे. मागे बसाल का?"

"हेल्मेट आहे का?" त्यांनी विचारलं.

वाटेत कळलं की ते एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर आहेत आणि त्यांना जन्मापासून दिसत नाही.

ऑफिसच्या दारात आक्का उभ्या होत्या. काठी बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. फोनवर आपण काय बोललो ते आठवलं असणार. पण त्या सावरल्या. "या पाव्हणं," म्हणाल्या आणि स्वतः हात धरून फॅमिली रूममध्ये घेऊन गेल्या.

पाहुणे पीसीसमोर बसले. आम्ही पहिला 'माघारी' सुरू करून दिला. त्यांनी हातानं चाचपून मॉनिटरचं बटण शोधलं आणि तो बंद करून टाकला. "हा उगाच कशाला जळत ठेवायचा?" मग मान जराशी तिरकी करून खेळायला लागले. आम्ही सगळे त्या काळ्या पडद्याकडं बघत होतो. आक्का मात्र त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या. ओढ्याचा आवाज आला की त्यांच्या भुवया वर जायच्या, म्हैस भरकटली की ओठ मुडपले जायचे. सगळा कळप घरी आला आणि दारातून आक्कांची हाक आली तेव्हा त्यांनी हाताची घडी घातली. जसं काही स्वतःच्याच ओसरीवर बसलेत.

"घरी हे तुम्हाला एकट्याला जमतं कसं?" आमच्यातल्या एकानं विचारलं. "सुरुवातीची ती यादी, पर्याय, ते सगळं वाचावं लागतं ना?"

"नागपूरच्या एका मुलीनं मॉड बनवलाय. तो सगळं वाचून दाखवतो. आमच्यासारखे बरेच जण त्याच्यावरच खेळतात."

मग आक्कांनी त्यांना नवा गेम लावून दिला, कन्सोलवर. हातात कंट्रोलर दिला. सुरुवातीचा पडदा उघडला. पर्याय समोर लिहिलेले होते, माझ्याच अक्षरात, सुंदर नक्षी काढून. पाहुण्यांनी एक बटण दाबलं. दुसरं दाबलं. काहीच आवाज नाही. अंगठे जरा वेळ इकडंतिकडं फिरले आणि थांबले.

"आता समोर काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी पडद्यावरचे पर्याय वाचून दाखवायला लागले.

"हेच सांगत होतो आक्का," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मी दारातच उभा आहे. आणि इथे आमचा मॉड घालता येत नाही." मग म्हणाले, "इतर सगळे गेम मी दुसऱ्यांकडून ऐकलेत. त्यानं उडी मारली, त्यानं गोळी घातली. तुमच्या धुक्यात कुणालाच दिसत नाही. तिथे मला पहिला नंबर नको होता. सगळ्यांच्या बरोबरीनं चालायला मिळत होतं, एवढंच."

आक्कांनी त्यांच्या हातातला कंट्रोलर घेऊन बाजूला ठेवला. मग विचारलं, "जेवलात का?"

त्यांना घरी नेऊन वहिनींच्या हातचं जेवू घातलं, परतीच्या गाडीत बसवून दिलं आणि त्या ऑफिसात आल्या त्या सरळ म्हणाल्या, "कंपनीला फोन लावा."

व्हिडिओवर कंपनीचा एक सभ्य, तरुण अधिकारी आला. आक्कांचं इंग्रजी त्यांच्या शर्टासारखं होतं, ढगळ पण कामाचं. "वन मॅन केम टुडे," त्या म्हणाल्या. "बेस्ट प्लेअर. ही कॅन नॉट सी. युवर मशीन, ही कॅन नॉट ओपन डोअर."

अधिकाऱ्याला वाईट वाटलं, पण तो म्हणाला की गेम काढायची तारीख फिक्स झाली आहे.

"डेट फिक्स, गुड. गेम नॉट फिक्स."

तो समजावत राहिला, पुढच्या वेळी बघू म्हणाला. मग आक्कांनी इंग्रजी सोडलं आणि आमच्या मुख्य प्रोग्रॅमरला म्हणाल्या, "ह्याला सांग, आमचा गेम बोलणार असंल तरच मिळंल. न्हाईतर न्हाई."

त्यानं सांगितलं. मोठ्या अदबीनं, "आम्हाला मनापासून वाटतं की..." अशी सुरुवात करून.

"मऊ केलंस," आक्का म्हणाल्या. "परत सांग. जसं म्हटलं तसं."

त्यानं जसंच्या तसं सांगितलं. कंपनी मागं हटली असती तर मोटेलला कुलूप लागलं असतं आणि आम्ही पुण्याला नोकऱ्या शोधत फिरलो असतो. आक्कांनाही ते कळत होतं. फोन संपल्यावर त्या आमच्याकडं वळल्या. "तुमच्या पोटावर पाय देतीय, ठावं हाय मला. ज्याला दुसरीकडं बघायचं हाय त्यानं बघा, मी मन वाईट करून घेणार न्हाई." कुणीच उठलं नाही. खरं सांगायचं तर मी उठायचा विचार केला होता.

उत्तर यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत आक्का ऑफिसात कमी आणि खाचरात जास्त असायच्या. शेवटी कंपनी कबूल झाली. लोकांच्या संतापाचा त्यांनाही ताप होत होताच. गेम बोलायला हरकत नाही, पीसीवाल्यांची वाटही वर्षाची अर्ध्या वर्षावर आणू. पण तारीख हलणार नाही. म्हणजे नवीन काम करायचं तर जुनं काहीतरी कापावं लागणार.

आक्कांनी धबधब्याचा भाग कापला.

तो माझा होता. दरीतून वर उडणारं पाणी, शेवाळलेले कडे, ढग फाटून मधेच दिसणारं पवना धरण. वर्षभर मी दुसरं काही केलं नव्हतं. आणि त्या अख्ख्या भागात खेळायला फक्त डोळे लागायचे, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी मी काउंटरमागं जाऊन बसले आणि आक्कांशी बोलणं टाकलं.

त्यांनी माझी समजूत काढली नाही. एक दिवस खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या. "दाखव," म्हणाल्या. मी तो भाग लावला. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. मग पुन्हा लावायला सांगितला.

"लय देखणं झालंय गं," त्या म्हणाल्या. "टाकाऊ असतं तर कापताना मला काय वाटलं असतं? काल रात्रभर जीव थाऱ्यावर नव्हता."

"मग कापू नका."

"कापायचं," त्या म्हणाल्या आणि उठल्या. थोड्या वेळानं चहाचा कप माझ्यासमोर आणून ठेवला. आम्हा ऑफिसातल्यांसाठी आक्का कधी चहा आणायच्या नाहीत. मी तो रागारागानंच प्यायले, आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागले.

नागपूरच्या त्या मुलीला आक्कांनी बोलावून घेतलं. ती आली तीच भांडायच्या तयारीनं, व्हिडिओतल्या पंगतीचा राग तिच्या मनात होताच. आक्कांनी तिला सगळ्यांसमोर सांगितलं, "तू आमची परीक्षक. तू पास म्हणशील तवाच पुढं जायाचं." तिनं आम्हाला कितीदा नापास केलं याला गणती नाही. साताऱ्याचे पाहुणे सुट्टी काढून यायचे, कोठीच्या खोलीत बसायचे. ओढ्याच्या काठाला वेगळा आवाज पाहिजे, चढाला धाप वेगळी पाहिजे, असं एकेक सुचवायचे. आणि आक्का, ज्या कुणाचं ऐकायच्या नाहीत, "बरं," म्हणून परत रेकॉर्डिंग करायच्या.

मधे त्यांनी दुसरा व्हिडिओ काढला. या वेळी आम्हाला आधी दाखवला. "मी पंगतीचं बोलले. ते चुकलं," त्या म्हणत होत्या. "तुमी मागनं जेवणारे न्हाई अन् उष्ट्याचे धनी तर न्हाईच न्हाई. तुमी वाटा बांधल्यात. टीव्हीवर मी का चालले ते सांगते." मग त्यांनी वहिनींची आणि पावट्यांची गोष्ट सांगितली, पीसीवर गेम कधी येणार ते सांगितलं, आणि म्हणाल्या, "तुमच्या वाटा आमाला द्याल तर टीव्हीवरच्या गेममध्येबी घालू, तुमच्या नावासकट. न्हाई दिल्या तरी राग न्हाई."

काहींनी दिल्या. कोकणातल्या त्या माणसानं सड्याची वाट परत दिली, खाली एक ओळ लिहून, "घरचे आहोत, पण पुढच्या वेळी नीट बोला." काही जण मात्र गेले ते गेलेच. आजही कुठंतरी ते लिहीत असतात आणि आक्का आजही वाचत असतात. सगळे परत आले असं मी सांगितलं, तर ते खोटं होईल.

गेम आला त्या दिवशी आम्ही सगळे कार्ल्याला भावांच्या ओटीवर जमलो होतो. भर दुपार, बाहेर खाचरांत पाणी चमकत होतं. साताऱ्याचे पाहुणे आले होते आणि पहिल्यांदाच त्यांनी पत्नीला बरोबर आणलं होतं. त्या शाळेत शिकवायच्या. दिसायला शांत, पण या म्हशींच्या प्रकरणाचा त्यांना मनापासून कंटाळा असावा. "घरी सारखं टणटण चालू असतं हो," त्यांनी वहिनींजवळ तक्रार केली. "मला कधी त्यात काही कळलं नाही. हे कानाला हेडफोन लावून बसतात आणि मी आपली दुसऱ्या खोलीत."

आक्कांनी दोघांच्या हातात एकेक कंट्रोलर दिला आणि टीव्ही लावला. खड्या, स्पष्ट आवाजात गेमनं विचारलं, पुढे कोण चालणार आणि मागे कोण. पाहुण्यांनी मागची जागा घेतली. बाईंना पुढं जावं लागलं.

थोडा वेळ त्या मजेत चालल्या. गवत दिसत होतं, म्हशींच्या पाठी दिसत होत्या. मग विसापूरच्या अंगानं धुकं उतरलं. आधी डोंगर गेला, मग झाडं गेली, मग म्हशी गेल्या. पडदा पांढराफट्ट झाला. बाई सवयीनं पुढं वाकल्या, चष्मा नीट केला, आणखी वाकल्या.

"अहो," त्या घाबरून म्हणाल्या, "मला काहीच दिसत नाही."

पाहुण्यांनी मान तिरकी केली. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरत गेलं, ते मला आजही रंगवता येणार नाही.

"घाबरू नको," ते म्हणाले. "डोळे मीट. उजवीकडे पाणी ऐकू येतंय? त्याला उजव्या हाताला ठेव आणि चालत राहा. मी मागेच आहे."

बाईंनी खरंच डोळे मिटले. "येतंय," त्या म्हणाल्या. "अहो, येतंय ऐकू!"

मी आक्कांकडं वळून बघितलं. त्या ओटीवर नव्हत्या. बाहेर जाऊन बघितलं, तर अंगणात गोठ्याच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि भावाच्या शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत होत्या. मी जवळ गेले. आतून बाईंचं हसणं ऐकू येत होतं, त्यात पाहुण्यांचा आवाज, "डावीकडे नाही गं, डावीकडे नाही!"

"काय झालं आक्का?"

"काय न्हाई," त्या म्हणाल्या. नाक ओढलं, मान वाकडी करून आतला आवाज ऐकला. "पाणी जरा जोरात वाजतंय. उद्या कमी करायला सांग."